भीती वाटली की जुनीच गाणी का लावावीशी वाटतात?

तिन्हीसांज

गेले बारा-तेरा दिवस घरात एका रिपोर्टची वाट बघणं चालू आहे. तपशील लिहीत नाही, कारण तो लिहिला की तो खरा होईल असं काहीतरी खुळं मनात बसलंय. रात्री दीड-दोनला जाग येते. हात आपोआप फोनकडे जातो, बातम्या उघडल्या जातात, आणि जगात जे काही चाललंय ते वाचून घरची काळजी कमी तर होत नाहीच, उलट तिला सोबत मिळते.

परवा अशाच जागरणात बातम्या बंद केल्या आणि एक गाणं लावलं. लहानपणी दादाच्या टेपरेकॉर्डरवर कायम लागलेलं असायचं ते. खरं सांगायचं तर मला ते कधीच फारसं आवडलं नाही. टेपरेकॉर्डर दादाचा, कॅसेट दादाची, मी आठ-नऊ वर्षांची. माझ्या आवडीनिवडीला विचारतो कोण. गेल्या तीस वर्षांत मी ते आपणहून एकदाही लावलेलं नाही. परवा लावलं आणि पहिलं कडवं संपायच्या आत खांदे खाली आले. इतके दिवस ते वर चढवलेले होते हे तेव्हा कळलं.

गंमत पुढेच आहे. त्या कॅसेटची टेप एकदा अडकून बाहेर आली होती. पेन्सिल घालून गुंडाळली, पण दुसऱ्या कडव्याच्या शेवटी चुरगळ राहिली ती राहिलीच. तिथे गायकाचा आवाज क्षणभर पाण्यात बुडी मारल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा वर यायचा. फोनवरचं गाणं अर्थातच लख्ख. ती जागा आली, मी श्वास धरला, आणि बुडी आलीच नाही. गाणं सरळ पुढे निघून गेलं. कोणीतरी फसवल्यासारखं वाटलं मला.

तर विचारायचं हे की असं फक्त माझंच होतं का? एरवी मी नवीन ऐकणारी बाई आहे. सरस, ताजं, जगभरातलं संगीत एका बोटावर असताना घाबरलेलं मन नेमकं जुन्या, प्रसंगी सुमार गाण्याकडेच का पळतं? २०२०च्या टाळेबंदीतही मी हेच करत होते, हे आता मागे वळून बघताना लक्षात येतंय.

एक विनंती. गाण्यांची नावं लिहू नका. मीही लिहिलेलं नाही. नाव आलं की चाल कुठून उचलली आणि मूळ कोणी गायलं यावर धागा जातो, आणि मग परत येत नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात त्याचं त्याचं वाजू दे.


कुंपणावरची

पहिली! माझंही अगदी असंच होतं. फक्त माझं गाणंसुद्धा नाही. आकाशवाणीचं केंद्र सुरू होताना लागायची ती धून. व्हायोलिन आणि मागे तंबोरा. पहाटे अर्धवट झोपेत ती ऐकू यायची, म्हणजे आई उठलेली आहे, म्हणजे आपण अजून थोडं झोपलं तरी चालेल. आता विमानात बसले की हवेतल्या गचक्यांना मी भयंकर घाबरते. तेव्हा डोळे मिटून मनातल्या मनात तीच वाजवते. शेजारी बसलेल्या माणसाला वाटत असेल, बाई ध्यान लावून बसली आहे.

रिपोर्ट चांगला येवो.


उंटावरचा शहाणा

धाग्याचा विषय चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. स्मरणरंजन ही पळवाट आहे. बाहेर आग लागलेली असताना खिडकी बंद करून 'आमच्या वेळी' लावून बसायचं. तो काळही काही सोन्याचा नव्हता. स्वतःला गुंगीचं औषध देतो आपण, आणि त्याला संगीत म्हणतो. घाबरलेल्या माणसाने विचार करावा, कृती करावी.

(रिपोर्टसाठी शुभेच्छा. त्यात थंड पाणी नाही.)


तिन्हीसांज

शहाणे, रात्री दोन वाजता मी रिपोर्टच्या बाबतीत नेमकी कोणती कृती करावी तेही लिहा, करते.


चकवा

पेन्सिल षटकोनीच हवी. गोल पेन्सिल कॅसेटच्या दातऱ्यांत घसरते. बाकी चालू द्या.


मंद्रसप्तक

शहाणे यांचं म्हणणं नवीन नाही. सव्वातीनशे वर्षांपूर्वी लोक याच्याही पुढे गेले होते. त्यांनी याला सरळ रोग ठरवून टाकलं होतं. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात वैद्यकातला. १६८८ साली योहानेस होफर या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझलला वैद्यकाच्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं, 'अल्गोस' म्हणजे वेदना. परमुलखात राहणाऱ्या, आणि विशेषतः पैशासाठी दुसऱ्यांच्या फौजांत लढायला गेलेल्या स्विस लोकांना जडणारं दुखणं म्हणून त्याची चर्चा व्हायची.

गाण्याचा संबंध इथेच येतो. आल्प्समधले गुराखी गायींना हाकारायला एक धून वाजवत. तत्त्वज्ञ रूसोने १७६८च्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलंय की स्विस सैनिकांत ही धून वाजवायला बंदी होती, वाजवली तर देहदंड. कारण ती ऐकली की सैनिक रडत, पळून जात किंवा झुरून मरत. देहदंडाच्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवू नये. पण त्याच नोंदीत रूसो पुढे म्हणतो ते मला फार मोलाचं वाटतं. धुनेत शोधायला गेलं तर असा परिणाम करणारं काहीही सापडत नाही, परक्या माणसावर ती ढिम्म चालत नाही. म्हणजे इथे संगीत हे संगीत म्हणून काम करत नाही, आठवणीची खूण म्हणून करतं.

तेव्हा ताई, दादाचं गाणं सुमार असलं तरी काही बिघडत नाही. खूण म्हणून दगडही चालतो.


तिन्हीसांज

'खूण म्हणून दगडही चालतो' हे दादाला पाठवते आहे. त्याच्या आवडीवर इतकं नेमकं कोणी बोललेलं नाही.


नाममात्र

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

मला जुनी गाणी लावता येत नाहीत. २०२१मध्ये आई अतिदक्षता विभागात होती. आत जायची परवानगी नव्हती. तिथल्या एका सिस्टरने मोठ्या मनाने फोन आईच्या कानाशी धरायचं कबूल केलं होतं, रोज पाच-सात मिनिटं. मी इकडून आईची आवडती गाणी लावायचे. तिच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवरची, जी ऐकत मी लहानाची मोठी झाले ती सगळी. एकोणीस दिवस. घरीही रात्री तीच लावून बसायचे, कारण दुसरं काही सहनच होत नव्हतं. तेव्हा त्यांनी मला तारलं, हे खरंच आहे.

आई गेली. आता त्यातलं एखादं कुठे कानावर पडलं की मला स्वयंपाकघर दिसत नाही. जिन्यातला ट्यूबलाइट दिसतो, जिथे मी फोन घेऊन बसायचे. चाळीस वर्षांची आठवण एकोणीस दिवसांनी पुसून टाकली. मी ती गाणी वापरून संपवली.

म्हणून एक सांगते. सगळ्यात लाडकं गाणं रिपोर्टच्या रात्री लावू नका, ते बाजूला ठेवा. दुसऱ्या फळीतलं लावा. तुम्ही न आवडणारं निवडलंत, ते न कळत शहाणपणाचंच झालं.


कुंपणावरची

नाममात्र, काय लिहू कळत नाही. वाचलं, एवढंच.


उंटावरचा शहाणा

माझा वरचा प्रतिसाद जरा जास्तच झाला होता. 'गुंगीचं औषध' हे शब्द मागे घेतो. तो काढून टाकत नाही, नाहीतर पुढच्या उत्तरांचा अर्थ लागणार नाही.


भूलभुलैया

नाममात्र यांच्यानंतर लिहायला संकोच वाटतोय, पण हा माझ्या कामाचा विषय आहे. मी भूल देणारा डॉक्टर. माणूस जागा असतो, छताकडे बघत आडवा असतो, आणि थोड्या वेळाने स्वतःवरचा ताबा पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती देणार असतो, अशी शेवटची काही मिनिटं माझ्या वाट्याला येतात. त्यापेक्षा शुद्ध भीती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मी विचारतो, काही लावू का? पंचविशीतली मुलंसुद्धा शाळेत असतानाचं काहीतरी सांगतात. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी बालगीत मागितलं होतं. आणि मागितल्यावर भोवतालच्या सगळ्यांकडे असं बघितलं, की हसाल तर याद राखा. कोणी हसलं नाही. आमच्या वॉर्डबॉयने तर दुसरी ओळ म्हटली.

ऑपरेशनच्या आधीच्या भीतीवर संगीत ऐकवण्याचा उपयोग होतो का, यावर २०१३ साली कॉक्रनचा (वैद्यकातले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) आढावा निघाला होता. उपयोग होताना दिसतो, असा त्याचा सूर होता, अर्थात सावध. आमच्या क्षेत्रात सावध सूर म्हणजे पुष्कळ झालं.

आता तुमच्या 'बुडी'बद्दल. २०११ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एक सुंदर प्रयोग झाला. ज्या संगीताने अंगावर काटा येतो असं स्वतःचं आवडतं संगीत लोकांनी आणायचं, आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं रसायन, कधी आणि कुठे सुटतं ते बघायचं. असं दिसलं की काटा येतो त्या क्षणी ते एका भागात सुटतं, पण त्याच्या आधी, 'आता ती जागा येणार' अशी चाहूल लागते तेव्हाच दुसऱ्या एका भागात सुटायला लागतं. थोडक्यात, सुख दोन हप्त्यांत मिळतं आणि पहिला हप्ता जागा यायच्या आधीच जमा होतो. हा पहिला हप्ता नव्या गाण्यात मिळणं अवघड, कारण पुढे काय येणार हेच ठाऊक नसतं.

आणि भीती तरी दुसरं काय आहे हो? पुढे काय येणार ते ठाऊक नसणं. माझ्या टेबलावरच्या माणसाला पुढच्या तासाचं काहीही माहीत नसतं. बालगीताची तिसरी ओळ कोणती, हे मात्र पक्कं माहीत असतं. साडेतीन मिनिटं का होईना, पुढचं सगळं ठाऊक असलेल्या जगात तो राहून येतो. तुम्ही बुडीची वाट बघत होतात, म्हणजे पहिला हप्ता जमा झाला. दुसरा बुडाला.


तिन्हीसांज

दुसरा हप्ता बुडीत गेला! डॉक्टर, दंडवत घ्या.

पण एक शंका. मी कुठेतरी वाचलंय की माणसाला सगळ्यात घट्ट चिकटतात ती साधारण दहा ते तीस या वयातली गाणी. मी तर आठ-नऊ वर्षांची होते आणि गाणंही माझं नव्हतं.


भूलभुलैया

दहा ते तीसचं बरोबर आहे. त्याला स्मृतींचा उंचवटा म्हणतात. म्हातारपणी आयुष्य आठवायला सांगितलं तर त्या वर्षांतल्या आठवणी जास्त निघतात. पण २०१३ साली कॅरोल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या दोघांनी विशीतल्या मुलांना जुनी-नवी गाणी ऐकवून पाहिलं, तर त्यांच्या जन्माच्या आधीच्या, म्हणजे आईबाप तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी जोडलेल्या निघाल्या. घरात ज्याच्या हातात बटण, त्याचं गाणं सगळ्यांना चिकटतं. तुमच्या घरात बटण दादाच्या हातात होतं.


चकवा

आता जरा शब्दांकडे. मराठीत नॉस्टॅल्जियाला दोन शब्द चालतात आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. 'स्मरणरंजन'मध्ये करमणूक आहे, पाय पसरून बसणं आहे. शहाणे चिडले ते याच्यावर. दुसरा 'गतकातरता'. कातर म्हणजे नुसता हळवा नव्हे. संस्कृतात कातर म्हणजे भ्यालेला, गांगरलेला. कातरवेळ म्हणतो ती तीच, दिवस जातोय आणि दिवा अजून लागलेला नाही ती वेळ. (धागाकर्तीने आयडी घेतानाच कबुलीजबाब देऊन ठेवलाय.) होफरच्या शब्दात वेदना आहे, आपल्या या शब्दात भीती आधीपासूनच बसलेली आहे. भीतीच्या दिवसांत लावतो ते स्मरणरंजन नसून गतकातरता असावी, असा माझा संशय.


उंटावरचा शहाणा

चकवा, हे पटलं. आणि मी वाद घालायला म्हणून जे शोधत होतो ते माझ्याच विरुद्ध निघालं, ते प्रामाणिकपणे देतो.

दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवर व्हेरा लिन ही ब्रिटिश गायिका सैनिकांसाठी हळवी गाणी गायची. पुन्हा भेटू, वाट बघ, अशा थाटाची. यावर बराच गदारोळ झाला. असलं चिकट, रडवं गाणं ऐकून सैनिक मऊ पडतील, त्यांना कवायती बाण्याचं काहीतरी ऐकवा, असं वजनदार लोक म्हणत होते. १९४२मध्ये बीबीसीने अतिहळव्या गाण्यांना आवर घालायचं धोरणही आणलं. म्हणजे मंद्रसप्तक यांच्या स्विस फौजेसारखंच, फक्त देहदंड वगळून. सैनिकांनी मात्र आपली आवड बदलली नाही.

दुसऱ्या बाजूलाही तेच. १९४१ पासून जर्मनांच्या ताब्यातल्या बेलग्रेड रेडिओवरून रोज रात्री दहाच्या सुमारास एक जर्मन गाणं लागायचं, छावणीच्या फाटकापाशी दिव्याखाली भेटणाऱ्या मुलीचं. ते उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पलीकडचे ब्रिटिश सैनिकही ऐकायचे. दिवसभर ज्यांच्यावर गोळ्या झाडायच्या, त्यांच्याच भाषेतलं गाणं. यातल्या कोणाला मी पळपुटा म्हणू शकत नाही, म्हणून माझा मूळ मुद्दा इथे अधिकृतपणे पडला.

आपल्याकडे तर विविध भारतीने फौजी भाईंसाठी 'जयमाला' चालवली. मऊ पडण्याची भीती कोणाला वाटली नाही, हे त्यातल्या त्यात बरं.


मंद्रसप्तक

शहाणे, माणूस म्हणून तुमच्याबद्दलचा आदर वाढला. धाग्यावर मुद्दा पडलेला मी गेल्या दहा वर्षांत पाहिला नव्हता.

व्हेरा लिनचं पुढचंही सांगतो. ते 'पुन्हा भेटू'वालं गाणं १९३९चं. ५ एप्रिल २०२०ला, टाळेबंदीत, ब्रिटनच्या राणीने देशाला उद्देशून भाषण केलं, त्याचा शेवट तिने याच गाण्यातल्या शब्दांनी केला. ८१ वर्षांनी. कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. आणि ज्या तरुण लोकांचा युद्धाशी काही संबंध नाही, त्यांनाही ते कळलं. डॉक्टर म्हणतात तसं, घरात बटण आजीच्या हातात असणार.

आता थोडं अवांतर. आठवणसुद्धा नसेल, निव्वळ ठोका असेल तरी माणूस त्याला धरून बसतो. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडलेला असताना रेडिओवर कार्यक्रम नसेल तेव्हा नुसता मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, वाजत ठेवायचे. टक, टक. ठोका जलद झाला की विमानं आली, लपा. संथ झाला की गेली. रात्रभर घराघरांतल्या भिंतीवरच्या कर्ण्यांतून तो संथ ठोका चालू असायचा, म्हणजे शहर अजून आहे. पुढे ९ ऑगस्ट १९४२ला त्याच शहरात उपासमारीने खंगलेल्या वादकांनी रशियन संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवली, ती गोष्ट सगळे सांगतात. मला मेट्रोनोमची जास्त आवडते.


कुंपणावरची

मंद्रसप्तक, तुम्ही धून-धून करत होतात म्हणून मी माझ्या आकाशवाणीच्या धुनेचं शोधलं. शिवरंजनीवर आधारलेली ती धून १९३६च्या सुमारासची, आणि ती वॉल्टर कॉफमन या माणसाच्या नावावर सांगितली जाते. हे गृहस्थ ज्यू. जन्म कार्ल्सबादचा, शिक्षण प्राग-बर्लिनला. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३४मध्ये युरोप सोडून मुंबईला आले, पुढे आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचं काम बघितलं, आणि १९४६मध्ये इथूनही गेले.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. माझ्या दृष्टीने जगातला सगळ्यात सुरक्षित आवाज तो आहे. आई उठली आहे, सगळं ठीक आहे, झोप. आणि ज्याने तो केला तो माणूस घरदार सोडून पळून आलेला. त्या वर्षांत त्याची रात्र कशी जात असेल?

आता वाटतंय, आपण ज्याला सुरक्षित काळ म्हणतो तो सुरक्षित होता असं थोडंच आहे. आपण लहान होतो. भ्यायचं काम तेव्हा दुसऱ्या कोणाकडे होतं.


नाममात्र

कुंपणावरची, शेवटची ओळ तीनदा वाचली.


उनाड_दुपार

मी गाणं ओळखलं! बुडीची जागा वाचूनच ओळखलं! सांगू का?


तिन्हीसांज

नाही.


चकवा

आमच्याकडच्या कॅसेटलाही एक खोड होती. दोन गाण्यांच्या मध्ये बॅडमिंटनच्या सामन्याचा गुण सांगणारा आवाज यायचा, कारण मामाने रेडिओवरून रेकॉर्ड करताना बटण उशिरा दाबलं होतं. आजही ते गाणं कुठेही संपलं की माझ्या डोक्यात तो गुण ऐकू येतो. अकरा-चार.


तिन्हीसांज

काल रात्री दादाशी बोलले. मूळ धाग्यात भर घालण्याऐवजी इथेच लिहिते.

'खूण म्हणून दगडही चालतो' हे त्याला पाठवलं होतंच. त्यावर त्याचा फोन आला. कॅसेट अजून त्याच्याकडे आहे म्हणे, टेपरेकॉर्डरही माळ्यावर आहे. मी कुंपणावरचीने लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं आणि म्हटलं, आपलं मात्र तसं नाही हं, ते वर्ष खरंच छान होतं. तू दिवसभर गाणी लावायचास, मी खाटेखाली माझी भातुकली मांडायचे.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'तुला खरंच आठवत नाही? त्याच वर्षी बाबांची नोकरी गेली होती.'

सात महिने. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. बाबा दुपारी घरी असायचे ते मला आठवतं, पण मला वाटायचं की ते सुट्टीवर आहेत. माझ्या आठवणीत ती मजा आहे. टेपरेकॉर्डर विकायला काढला होता. गिऱ्हाईक येऊन बघून गेलं, झाकण तुटलंय म्हणून घासाघीस करत बसलं, आणि पुन्हा आलंच नाही.

मी म्हटलं, मग घरात असं चाललेलं असताना तुला बरी दिवसभर गाणी सुचायची, तीही एवढ्या मोठ्या आवाजात. तर तो म्हणाला, 'आई-बाबा आतल्या खोलीत बोलायला लागले की लावायचो. तुला ऐकू जाऊ नये म्हणून.'

आणि तेच गाणं का? 'त्या कॅसेटवर ढोलकी जोरात असलेलं तेवढं एकच होतं. मलाही ते कधी आवडलं नाही गं.'

दादा तेव्हा चौदा वर्षांचा होता.


भूलभुलैया

ताई, माझा हप्त्यांचा सिद्धांत तुमच्या दादापुढे फिका आहे.


उंटावरचा शहाणा

चौदा.


कुंपणावरची

मी ऑफिसात बसून रडते आहे आणि समोरच्याला सर्दी झालीये म्हणून सांगितलंय.


मंद्रसप्तक

म्हणजे तुमच्या खांद्यांना ते गाणं तीस वर्षांपूर्वीपासून ठाऊक होतं की हे लागलं की पलीकडचं आपल्यापर्यंत पोचत नाही. रूसोला ही नोंद पाठवायला हवी होती.


नाममात्र

ताई, तुमच्या दादाची गोष्ट वाचून काल मी एक केलं. माझ्या एकोणीस दिवसांच्या यादीतलं एक गाणं लावलं, पण फोनवर नाही. स्वयंपाकघरात, जुन्या रेडिओसारखा छोटा स्पीकर आहे, त्यावर, फोडणीच्या आवाजात अर्धं ऐकू येईल असं. मुलगी तिथेच अभ्यास करत होती. मला जिना दिसलाच, खोटं बोलत नाही. पण ती मात्र गुणगुणत होती. तिला कुठला जिना माहीत असणार. तिच्याकडे ते गाणं कोरंच आहे.

अर्धं झाल्यावर मी बंद केलं. तिने 'का बंद केलंस' विचारलं. आज पुन्हा लावून बघेन, जमलं तर.


चकवा

नाममात्र, लावा. नाही जमलं तर उद्या.


उनाड_दुपार

आता तरी सांगू का?


तिन्हीसांज

नाही रे बाबा.

रिपोर्ट बाबांचा आहे. आता लिहून टाकते. उद्या सकाळी अकराला मिळेल. दादा संध्याकाळीच आला, टेपरेकॉर्डर पिशवीत घालून. बेल्ट सैल पडलाय, त्यामुळे गाणं थोडं संथ चालतं आणि गायक आहे त्यापेक्षा जाड वाटतो. झाकण तुटलेलंच आहे. कॅसेट बोटाने दाबून धरावी लागते, ते काम दादा करतोय. मी मघापासून श्वास धरून बसले होते. दुसरं कडवं संपत आलं आणि बुडी आली, अगदी जिथे यायची तिथेच.

बाबा आतल्या खोलीत झोपलेत असं आम्हाला वाटत होतं. तिथून आवाज आला, 'अजून चालतो का तो? मग गिऱ्हाईक बघा एखादं.'